हनुवटीची रेघ

घसा उघडून बघायचं पातं जिभेवरून आत सरकलं, मी ते उचललं, आणि समोर नुसतं गुलाबी मांस होतं, मॅडम. स्वरयंत्राची फट जिथे दिसायला हवी तिथे काही नव्हतं. मुलगी चार वर्षांची. भुलीनंतर स्नायू शिथिल करणारं औषध मी मिनिटभरापूर्वी दिलं होतं, म्हणजे तिचा श्वास आता तिच्याकडे नव्हता, माझ्याकडे होता, आणि तो कुठून द्यायचा ते मला दिसत नव्हतं. पातं काढलं. मास्क लावून फुगा दाबला. हवा मास्कच्या कडेने फुसफुसत बाहेर गेली, छाती जागची हलली नाही. यंत्राचा आवाज उतरायला लागला. रक्तातला प्राणवायू कमी होतो तसा तो आवाज जाड होत खाली येतो. यंत्राकडे पाठ करून, आकडा न बघता तो ऐकायला तुम्हीच आम्हाला शिकवलं होतं. काल मी पाठ केली नाही. आकड्याकडेच बघत राहिलो.

दुसऱ्यांदा पातं घातलं. श्वासाची नळी अंदाजाने पुढे ढकलली, ती अन्ननलिकेत गेली. बाहेर काढली तेव्हा टोकाला रक्त होतं. सर्जन हात धुऊन, कोपरं वर धरून दाराशी उभे होते. ते माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहेत, एरवी सतत बोलतात. बोलल्या त्या सिस्टर.

"सर, तिची माय म्हणत होती ना, थे पालथीच झोपते म्हणून."

"सिस्टर, चूप राहा ना जरा," सर्जन म्हणाले.

पण मी ऐकलं होतं. मी मुलीला डाव्या कुशीवर वळवलं. दोन बोटं जबड्याच्या कोपऱ्याखाली घालून तो पुढे ओढला, आणि तेव्हा पहिल्यांदा माझ्या बोटांना कळलं की ओढायला तिथे फारसं काही नाही. खालचा जबडा असा आखूड, की जीभ मागे पडण्याशिवाय दुसरीकडे जाणारच नाही. कुशीवर वळल्याने ती थोडी बाजूला पडली. घशात बसणारा लहान मास्क पिशवीत होता, तो सरकवला, फुगा दाबला. छाती उचलली गेली. थोड्या वेळाने आवाज वर चढू लागला. सिस्टरने माझ्या कपाळावरचा घाम गॉजने पुसला, जसा त्या सर्जनचा पुसतात. शस्त्रक्रिया हर्नियाची, वीस मिनिटांची होती. ती झाली.

हे मी तुम्हाला यवतमाळहून, माझ्या घरच्या टेबलावरून लिहितोय. घटना आर्णीची, काल सकाळची. आज संध्याकाळपर्यंत मी ती कुणाला सांगितली नाही. बायकोला म्हणालो, घाटंजीला उशीर झाला. तेही खरंच होतं.

तुमच्यानंतर आमचं काम कसं झालंय ते तुम्हाला ठाऊक नाही. मी आता कुठल्याच हॉस्पिटलचा नाही. गाडीच्या डिकीत पिशवी असते, त्यात पाती, नळ्या, औषधं. सकाळी फोन येतात. आर्णीला दोन, मग घाटंजीला एक सिझेरियन, कधी परतताना अजून एक. मी पोचतो तेव्हा पेशंट टेबलावर असतो, सलाइन लागलेलं असतं. मी सगळ्यांत शेवटी येतो आणि सगळ्यांत आधी निघतो. नातेवाईक मला ओळखत नाहीत. फारतर "भूलवाले डॉक्टर" म्हणून दाराच्या फटीतून पाहिलेले असतात. टेबलावरचं मूल उताणं असतं. मी त्याच्या डोक्याशी उभा असतो. तिथून कपाळ दिसतं, नाक दिसतं, उलटे डोळे दिसतात. वरून पाहिलेला चेहरा सगळ्या मुलांचा सारखाच असतो.

तुम्ही मुलांना बाजूने बघायचात. आदल्या दिवशी दुपारी चार वाजता, वॉर्डातली झोपेची वेळ संपली की. मी मागे फाइल घेऊन. तुम्ही खुर्ची मागत नाही, खाटेच्या कडेला बसता, चपला काढून. मुलाला आईच्या मांडीवरून उठवत नाही. "काय वं पोरी, जीभ केवढी आहे तुझी? शेजारच्या पोराची तर लय मोठी आहे." पोरगी जीभ काढते. तुम्ही घसा बघून घेता. "आता खालच्या दातांनी वरचा ओठ चाव बरं. माकडासारखा." ती चावते, किंवा चावता येत नाही म्हणून हसते. जबडा किती पुढे येतो ते तुम्हाला कळतं. "आता तिकडे बघ, खिडकीत कावळा आहे का?" कावळा कधीच नसायचा. मूल मान वळवतं आणि तुम्ही बाजूने बघता, कपाळापासून हनुवटीपर्यंत, जणू कुणी पेन्सिलीने रेघ ओढतंय. आणि शेवटी आईला एकच प्रश्न, "रात्री कसं झोपते लेकरू?" घोरतं का, उठून बसतं का, उशी लागते का, पालथं पडतं का. तुम्ही म्हणायचात, आई रोज रात्री त्या श्वासाशेजारी झोपते, आपण अर्धा तास थांबणार. आम्ही मागे उभे राहून घड्याळ बघायचो.

त्या मुलीच्या आईने काल मी न विचारताच मला सांगितलं होतं. हेच मला लिहायचं आहे, आणि इथपर्यंत यायला तीन पानं फाडावी लागली.

मी पोचलो तेव्हा दोघी कॉरिडॉरमधल्या बाकावर होत्या. आर्णीजवळच्या तांड्यावरच्या. मुलगी आईच्या मांडीवर, लोकरीची कानटोपी घातलेली, टोपीची नाडी हनुवटीखाली घट्ट बांधलेली. कानाला मोबाइल लावून मी चालत होतो. घाटंजीचे डॉक्टर सिझेरियनसाठी घाई करत होते. आई उठून उभी राहिली.

"तुमीच का जी भूल देणारे?"

मी मान हलवली.

"साहेब, हे पालथीच झोपते. उताणी निजली का घोरते लय, मंग दचकून उठून बसते. रातभर मले कूस बदलून द्या लागते तिची."

मी मोबाइलवर हात ठेवला. म्हणालो, "हो हो, पाहतो. काळजी करू नका." आणि आत गेलो. मुलीकडे पाहिलं असावं. टोपी आठवते, लाल. चेहरा आठवत नाही.

आत टोपी काढली गेली तेव्हा मुलगी उताणी होती आणि रडत होती. मास्क चेहऱ्यावर नीट बसेना. तीच खूण होती, तिथेच थांबायचं होतं. मला वाटलं, रडतेय म्हणून बसत नाही.

तुम्हाला टॉन्सिलचा तो मुलगा आठवतो का? माझं भूलशास्त्राच्या शिक्षणाचं दुसरं वर्ष. सहा वर्षांचा पोरगा, उमरखेडकडचा. मी त्याचा तपासणीचा कागद ड्युटी रूममध्ये बसून भरला होता. तोंड पूर्ण उघडतं, मान हलते, दात ठीक. सकाळी तुम्ही ऑपरेशन थिएटरमध्ये तो कागद वाचलात आणि विचारलंत, "याचे पुढचे दात किती हलतात?" सहा वर्षांच्या मुलाचे दात हलणारच, हेसुद्धा मला सुचलं नव्हतं. मी म्हणालो, "नाही हलत." तुम्ही वाकून मुलाला म्हणालात, "आ कर रे," आणि एका बोटाने दोन दात हलवून दाखवलेत. तो लाजून हसला. तुम्ही केस थांबवलीत. सर्जन चिडले, त्यांना म्हणालात, दहा मिनिटं. मग मला बाहेर नेलंत, जिथे त्याची आई बाकावर बसली होती. "कागदावर तू त्याचं तोंड उघडलंस," तुम्ही म्हणालात, "त्याने उघडलं नव्हतं. हिला सांग." मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही माझ्या मागे जाऊन उभ्या राहिलात. मी त्या बाईला म्हणालो की मी तुमच्या मुलाला न बघताच लिहिलं. माझे कान तापले होते. ती बाई जरा गोंधळली आणि हसली. "मंग आता पाहा ना जी," ती म्हणाली, "थो काई पयून नाई चालला."

एवढंच. जगबुडी झाली नाही. पण तेव्हा तुम्ही मागे उभ्या होतात.

काल मुलगी शुद्धीवर आली, "याडी" म्हणून आईला हाक मारली, आवाज घोगरा, पुन्हा झोपली. मी नोंदी लिहायला बसलो. नळी घालायला अवघड गेलं, अशा वेळी लिहायचा एक ठरलेला शब्द आहे. आधी अंदाज येण्याजोगं नव्हतं, अनपेक्षित, असा त्याचा अर्थ. तो लिही असं मला कुणी सांगितलं नाही. सर्जन तिथे नव्हते. सिस्टर समोर ट्रे आवरत होत्या. माझ्याच हाताने, स्वच्छ अक्षरात, मी तो लिहिला. सिस्टरने कागद फाइलला लावताना वाचला. त्यांना तेवढं इंग्रजी येतं. मग म्हणाल्या, "सर, तिची माय विचारून राह्यली, पोरगी बोलून काहून नाही राह्यली."

मी बाहेर गेलो. आईला म्हणालो, घशाला थोडी सूज आहे, होतं असं. तिने विचारलं, "मंग आता पालथी झोपवू का तिले?" आणि मी काय केलं ते ऐका. मी क्षणभर विचार केल्यासारखं केलं आणि म्हणालो, "हो. पालथीच झोपवा. उताणी झोपवू नका, लक्षात ठेवा." तिनेच मला दिलेलं मी तिला औषध लिहून दिल्याच्या सुरात परत दिलं. ती म्हणाली, "बरं जी, लय उपकार झाले तुमचे." मी पिशवी उचलली आणि घाटंजीला गेलो.

अर्ध्या रस्त्यात गाडी बाजूला घेऊन सर्जनना फोन केला. दुसऱ्या बाजूचा हर्निया उन्हाळ्यानंतर करायचा आहे, हे त्यांनीच सांगितलं होतं, आणि तेव्हा माझ्याऐवजी दुसरा कुणी डोक्याशी उभा असेल. कदाचित नागपूरला, कदाचित पुसदला. तो पण शेवटी येईल आणि वरून बघेल. त्याच्या पिशवीत तो लहान मास्क असेलच असं नाही. मी म्हणालो, आईजवळ एक कागद द्यावा म्हणतो, पुढच्या डॉक्टरसाठी.

"कागद कायले, सर?" ते म्हणाले. "सुखरूप निघाली ना पोरगी? मंग झालं. मोठ्या सेंटरले पाठवू दुसऱ्या टायमाले, थे पाहून घेतील."

"त्यांना कळणार कसं?"

"तुमी काय लिहून द्यान त्यात? आमचं चुकलं म्हणून? तिचा मामा सकाळपासून मोबाइल घेऊन फिरून राह्यला दवाखान्यात. फॅनचा पण व्हिडिओ काढते थो." ते हसले. मग आवाज उतरवून म्हणाले, "सर, तुमी मोठे आहा. मी काय सांगू? पण तुमचा पेपर तुमच्या नावानं द्या. आमच्या दवाखान्याचा नको."

मी म्हणालो, बघतो. हा माझा आवडता शब्द झालाय, मॅडम. बघतो म्हणतो आणि बघत नाही.

आज दुपारी कपाटातून तुमची वही काढली. तुम्हाला वाटलं असेल मी ती वापरतो. तुमच्या स्वयंपाकघरातला तो दिवस. निवृत्तीनंतरचा पहिला हिवाळा, तुम्ही ओट्यापाशी स्टुलावर बसून तुरीच्या शेंगा सोलताय. हिरवे सोले पातेल्यात पडतात, टरफलं वर्तमानपत्रावर. मी यवतमाळमध्ये स्वतंत्र काम सुरू केल्याचं सांगायला आलो होतो. तुम्ही माझ्यापुढे पण मूठभर शेंगा सारल्यात. मी भराभर सोलत होतो. तुम्ही माझ्या टरफलांतून राहिलेले दाणे वेचून काढत होतात, न बोलता. निघताना एक्स-रेच्या जुन्या पाकिटात घातलेली वही दिलीत. पान उलटलं तर मुलांचे चेहरे, सगळे बाजूने, फक्त एक रेघ. कपाळ, नाक, ओठ, हनुवटी, गळा. नावं नाहीत, डोळे पण नाहीत. तुम्ही म्हणालात, "पुढची पानं कोरी आहेत."

मला वाटलं, ही तुमच्या हुशारीची वही. तुम्ही आधी ओळखलेली, सगळ्यांनी वाखाणलेली मुलं. मी ती आदराने कपाटात ठेवली. नऊ वर्षांपूर्वी तुम्ही गेलात तेव्हा एकदा हातात घेतली, उघडली नाही. आज उघडली. रेघांखाली बारीक अक्षरात लिहिलेलं आहे, ते मी आजवर वाचलंच नव्हतं. एका चेहऱ्याखाली: घाईत होते. एकाखाली: विचारलं नाही. एकाखाली: टोपी काढायला लावली नाही, थंडी होती. एकाखाली नुसती तारीख आणि पुढे, वाचलं नाही. ते मी तीनदा वाचलं, मग कळलं की ते मूल वाचलं नाही. सगळी तुमची हुकलेली मुलं होती. त्यांच्याकडूनच तुम्ही वॉर्डात जाऊन खाटेवर बसायला शिकलात, आणि आम्ही समजत होतो की तुम्ही तशाच जन्मलात.

तुम्ही मला हे तेव्हा सांगितलं का नाही? कदाचित सांगितलं असेल. मी सोले भराभर सोलत होतो.

एक कोरं पान काढून, पेन्सिल घेऊन बसलो. त्या मुलीची रेघ काढायची होती. कपाळ काढलं. नाक लहान, टोकाला वर उचललेलं, असं वाटलं. मग हात थांबला. तिचा घसा मी आतून पाहिला आहे. तिचा जबडा माझ्या दोन बोटांना माहीत आहे. पण ती बाजूने कशी दिसते ते मला माहीत नाही. सगळं होऊन गेल्यावर, ती कुशीवर झोपलेली असताना, आई शेजारी बसलेली असताना, समोर उभं राहूनसुद्धा मी तिला पाहिलं नाही. मी आईच्या खांद्यावरून भिंतीकडे बघत बोलत होतो.

त्या आईसाठीचा कागद आता लिहून झालाय. माझ्या नावाच्या कागदावर, सर्जनना न विचारता. मराठीत आणि इंग्रजीत. सहा वाक्यं. तिसरं वाक्य असं आहे: आईने ही गोष्ट आधी सांगितली होती, मी लक्ष दिलं नाही. ते वाक्य मी दोनदा खोडलं आणि दोनदा लिहिलं, म्हणून शेवटी स्वच्छ प्रत काढावी लागली. काल मुक्काम होता, आजही ठेवलंय त्यांना, उद्या सकाळी सोडणार. उद्या जातो आणि देतो. तुम्हाला लिहिलेलं हे वहीत ठेवतोय, कोऱ्या पानांच्या सुरुवातीला. पाठवायचं तर कुठे, हा प्रश्न नाही. तुमचा पत्ता असता तरी मी आधी तो कागद देऊन आलो असतो आणि मग तुम्हाला छान पत्र लिहिलं असतं.

सकाळी. साडेआठला आर्णीला पोचलो. मुलगी खाटेवर आईला टेकून बसली होती, डोक्यावर टोपी नव्हती, चहात टोस्ट बुडवून खात होती. आई म्हणाली, "बोल ना वं, डॉक्टर आले." मुलगी बसलेल्या आवाजात म्हणाली, "टोस्ट." सिस्टर हसल्या. मी खाटेच्या कडेला बसलो आणि मुलीला खिडकीकडे बघायला सांगितलं. खिडकीबाहेर खरंच बकरी होती. मुलीने मान वळवली. कपाळ, नाक, वरचा ओठ, आणि तिथून रेघ आत गेली, जवळजवळ सरळ गळ्यापर्यंत. दारातूनसुद्धा दिसलं असतं. ती रेघ वहीत काढली. मग आईला कागद दिला, म्हणालो, जपून ठेवजा, कुठंही नेलं तरी आधी हा दाखवजा. तिने तो उलटसुलट पाहिला आणि परत माझ्या हातात दिला. "मले वाचता नाई येत जी. वाचून दाखवा." मी वाचून दाखवला. पहिलं वाक्य वाचलं, दुसरं वाचलं, मग चौथं. तिने कागदाच्या चार घड्या करून तो प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला आणि पिशवी कमरेला खोचली. दहाच्या ऑटोने दोघी तांड्यावर गेल्या.